इंग्रजी अहवालात बायकांना काय लिहायचं? लेडीज, फिमेल, विमेन की गर्ल्स?

सेलूची_ज्वारी

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका संस्थेत काम करते. बचत गट, शेळीपालन, शिलाईचे वर्ग, किशोरींच्या बैठका असा सगळा पसारा आहे. पैसे देणाऱ्यांना वर्षाकाठी इंग्रजीत अहवाल पाठवावा लागतो आणि ते लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात आहे.

यंदा मसुदा चार जणांच्या हातांतून फिरला आणि एकाच बाईला चार नावं पडली. मी 'विमेन' लिहिलं होतं. साहेबांनी त्याचं 'लेडीज' केलं, कारण 'वुमन' त्यांना उद्धट वाटतं. हिशेब बघणाऱ्या सरांनी तक्त्यात 'फिमेल्स' घातलं. पुण्याहून आलेल्या सल्लागार मॅडमनी शिलाईच्या वर्गातल्या सगळ्यांना 'गर्ल्स' करून टाकलं. त्या वर्गात दोन आज्या आहेत हो, नातवंडं शेजारी झोपवून मशिन चालवतात!

एवढं तर निस्तरता येईल. खरी अडचण दुसरीच आहे. किशोरींच्या बैठकीला येणारी एक पोरगी सोळा वर्षांची आहे, लग्न झालेलं. तिच्याबद्दल एक परिच्छेद आहे. साहेब म्हणतात 'यंग वुमन' लिहा. मला ते खटकतंय. 'गर्ल' लिहिलं तर म्हणतात, लग्न झालेलीला गर्ल कसं म्हणायचं? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_मास्तर

ताई, आधी सोपं उरकू. साहेबांची भीती मला समजते. आपल्याकडं 'बाई' शब्द सुरावर चालतो. शाळेत 'बाई' म्हणजे मान, आणि मोंढ्यात 'ओ बाई, सरका तिकडं' म्हणजे हाकलणं. तो मोंढ्यातला सूर आपण 'वुमन'ला चिकटवतो. इंग्रजीत वाक्याच्या आत 'वुमन' हा साधा, सरळ, पुरेसा मानाचा शब्द आहे. समोरच्या बाईला हाक मारताना मात्र 'वुमन' म्हणू नये, तिथं 'मॅडम' किंवा 'मॅम'. म्हणजे साहेबांचं म्हणणं हाकेपुरतं बरोबर आहे. अहवालात कोणी कोणाला हाक मारत नसतं.

'लेडी' वाईट नाही, पण त्यात घराणं, वागणूक, किताब यांचं वजन येतं. 'सर' किताब मिळालेल्याची बायको ती लेडी. लेडी डफरिन यांच्या पुढाकारानं १८८५ साली निधी उभा राहिला आणि हिंदुस्थानात बायकांसाठी दवाखाने निघाले. त्या जमान्यातला 'लेडी डॉक्टर' हा शब्द आपण अजून पाटीवर रंगवतो. गंमत बघा, आनंदीबाई जोशींनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली त्या कॉलेजच्या नावात 'वुमन' होतं. रखमाबाई लंडनला जिथं शिकल्या त्या शाळेच्या नावात 'विमेन' होतं. शिकवणाऱ्यांना त्यात कमीपणा वाटला नाही, आणि इथं आल्यावर आपण त्यांना लेडी करून टाकलं.

तिरकस

मास्तर, मग भेंडीचं काय करायचं? 'विमेन्स फिंगर' का?

निवृत्त_मास्तर

भेंडीला भेंडीच म्हणा, ती कुठं तक्रार करायली.

स्टाफनर्स_लातूर

मला एक सांगा मास्तर. आमच्याकडं केसपेपरवर 'फिमेल' असंच लिहितात. वॉर्डाचं नाव 'फिमेल मेडिकल वॉर्ड'. ड्यूटी संपताना दुसऱ्या सिस्टरला पेशंट सांगताना पण 'फॉर्टीफाइव्ह इयर ओल्ड फिमेल' असंच तोंडात येतं. मग आम्ही काय दिवसभर अपमानच करायलाव का लोकांचा?

निवृत्त_मास्तर

नाही अक्का. 'फिमेल वॉर्ड'मधलं फिमेल हे विशेषण आहे, ते कुठंही चालतं. केसपेपरवरचा तो रकाना आहे, रकान्याला मान-अपमान नसतो. खटकतं ते नाम म्हणून वापरलेलं: 'टू फिमेल्स केम टु द ऑफिस'. असं वाक्य इंग्रजी कानाला जनावरांच्या दवाखान्यातलं वाटतं. मलेरिया पसरवणारी अॅनोफिलिस डासाची मादी असते, तिथं 'द फिमेल बाइट्स' अगदी बरोबर. माणसाबद्दल बोलताना मात्र विशेषणापुढं माणूस लागतो: 'फिमेल पेशंट', 'फिमेल वर्कर'.

तुमच्याच क्षेत्रातलं सांगतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची लेखनपुस्तिका आहे, जगभरची बरीच वैद्यकीय नियतकालिकं ती पाळतात. तिच्यात १८ आणि त्यापुढच्यांना 'मेन' आणि 'विमेन' म्हणा असं आहे. 'मेल-फिमेल' नाम म्हणून चालतं ते एका ठिकाणी: गटात लहान आणि मोठी माणसं एकत्र असतील तेव्हा.

म्हणून ज्वारीताई, हिशेबाच्या सरांचा रकाना पाच वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांचा असेल तर त्यांचं 'फिमेल' राहू द्या. तिथं ते एकटेच बरोबर आहेत.

कोयत्यावालं_पोरगं

आमच्या पुण्याच्या हापिसात निस्तं फिमेल-फिमेल चालू असतंय. "टीममध्ये एक फिमेल पाहिजे", "ती फिमेल काल जॉइन झाली". पोरांना कोणीच "एक मेल जॉइन झाला" म्हणत नाही, तिथं पटकन इंग्रजीतला 'गाय' (guy) येतो. मी एक करतो, वाक्यात बाईच्या जागी बाप्या घालून बघतो. 'थ्री मेन अँड टू फिमेल्स' लिहिलं की लगेच दिसतंय की एकीकडं माणसं मोजलीत आणि दुसरीकडं काहीतरी वेगळंच.

मांजराकाठ

मी लातूरला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायले. इंग्रजीचे सर सांगतात 'लेडी कंडक्टर' चूक, 'वुमन कंडक्टर' बरोबर. पेपरात 'फिमेल कंडक्टर' पण वाचलं. नेमकं काय? आणि 'वुमन' आणि 'विमेन'च्या उच्चारात आमच्या क्लासमध्ये रोज भांडण होतं.

निवृत्त_मास्तर

उच्चार: एकवचन 'वुमन', अनेकवचन 'विमिन'. यात इंग्रजीचा खोडसाळपणा असा की लिहिताना दुसरा तुकडा बदलतो आणि बोलताना पहिला. क्लासमध्ये भांडण होणारच.

'वुमन कंडक्टर', 'फिमेल कंडक्टर' दोन्ही चालतं. काही लेखनपुस्तिका विशेषण म्हणून 'फिमेल'च घ्या म्हणतात. 'वुमन' घेतलंत तर अनेकवचनात दोन्ही शब्द बदलतात, 'विमेन कंडक्टर्स'. पण मी म्हणतो, मुळात सांगायची गरज आहे का ते बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं, ही बातमी लिहिताना 'विमेन' लिहावंच लागेल, बातमीच ती आहे. कंडक्टरनं सुटे पैसे मागितले, एवढंच सांगायचं असेल तर ती बाई होती की बाप्या, कोणाला काय करायचंय? क्रिकेटचे नियम करणाऱ्या मेरिलिबोन क्लबनं २०२१ मध्ये 'बॅट्समन' काढून 'बॅटर' आणला, त्यातही हाच विचार होता.

मराठीच_बरी

एवढा काथ्याकूट परक्या भाषेसाठी! आपल्याकडं स्त्री, महिला, बाई, ताई, मावशी, अक्का, माय, काकू, सगळं आहे. बसमध्ये शेजारी कोण बसलंय ते बघून तोंडातून आपोआप बरोबर शब्द येतो. कोणाला पुस्तिका लागत नाही.

पेशकार

येतो खरा. पण लग्नपत्रिका छापायला बसलं की हात अडखळतो. 'सौ.' लिहायचं की 'श्रीमती', की 'गं. भा.'? बाईचा नवरा जिवंत आहे का हे सगळ्या गावाला कळवल्याशिवाय आपल्याला तिचं नाव लिहिता येत नाही. २०२३ मध्ये विधवेऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं का यावर राज्यभर केवढा गोंधळ झाला ते आठवा. इंग्रजीत पण पूर्वी तेच होतं, कुमारी असेल तर 'मिस', लग्न झालं की 'मिसेस'. मग 'मिझ' आलं, ज्यात लग्नाचा उल्लेखच नाही. १९०१ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं ते सुचवलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सनं ते स्वीकारायला १९८६ उजाडलं.

मी कोर्टात उभी हयात काढली. तिथला एक कागद सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, कोणत्या शब्दाऐवजी काय लिहावं म्हणून. 'हाऊसवाइफ'ऐवजी 'होममेकर'. 'ईव्ह टीझिंग'ऐवजी 'स्ट्रीट सेक्शुअल हॅरासमेंट'. 'स्पिन्स्टर'ऐवजी 'अनमॅरिड वुमन'. 'करिअर वुमन'मधला करिअर काढून नुसतं 'वुमन'. 'अनवेड मदर'मधलं अनवेड काढून नुसतं 'मदर'. यादीतल्या बऱ्याच नोंदी अशा, की पुढचं शेपूट कापलं की उरलेला शब्द पुरतो.

सेलूची_ज्वारी

पेशकार काका, हे फार कामाचं आहे. आमच्या अहवालात 'फार्म विडोज', म्हणजे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा, म्हणून एक अख्खं प्रकरण आहे.

पेशकार

त्यातलं 'विडो' तुमच्या योजनेच्या निकषापुरतं ठेवा. आत्महत्या नवऱ्यानं केली. त्याच्यामागं शेत करतेय ती बाई. मग ती 'फार्मर' का नाही? २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या बरीच ऐसपैस आहे, सातबाऱ्यावर नाव नसलेले कुळकरी, बटईवाले, शेतमजूर सगळे त्यात येतात. 'अ फार्मर हूज हजबंड डाइड' असं लिहून बघा. ओळ थोडी लांबते, पण बाई आधी येते.

कोयत्यावालं_पोरगं

२०१९ ला आमच्या बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. तेव्हा इंग्रजीत 'वूम्बलेस विमेन' छापून आलं. माझ्या चुलतीचं ऑपरेशन झालेलं हाय. तिला कोणी इंग्रजी वाचून दाखवलं नाही ते बरं झालं. 'विमेन हू हॅड हिस्टरेक्टमीज' लिहायला काय शाई जास्त लागत होती?

औसेकर_पाटील

मूळ प्रश्न राहिला बाजूला. मी साहेबांच्या बाजूचा. लग्न झालं की ती बाई. गावात तिला कोणी मुलगी म्हणत नाही, अमक्याची सून म्हणतात. तिच्या हातात हिरवा चुडा आहे, ती घर चालवते, उद्या तिला लेकरू होईल. 'गर्ल' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल शाळेत जाणारी पोरगी. म्हणजे तेही खोटंच झालं ना? आणि पेशकार साहेब, कायद्यात पण बाई म्हणजे कोणत्याही वयाची, असं मी ऐकलंय.

पेशकार

बरोबर ऐकलंत. जुन्या दंडसंहितेचं कलम १० तेच सांगतं, कोणत्याही वयाची स्त्री म्हणजे 'वुमन'. नव्या न्यायसंहितेतही ती व्याख्या कायम आहे. पण ती कशासाठी, ते बघा. बाईवर झालेल्या गुन्ह्याच्या कलमांतून तान्ही मुलगीसुद्धा सुटू नये म्हणून. तिला मोठी ठरवायला नव्हे. वयाचा प्रश्न आला की दुसरे कायदे उघडावे लागतात. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीला १८ पर्यंत बालक म्हणतो, २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, तोही तेच म्हणतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बायको १८ च्या आतली असेल तर नवऱ्याचा संबंधही बलात्कारच. म्हणजे त्या पोरीचं लग्न झालंय म्हणून कायदा तिला मोठी मानत नाही. उलट लग्न झालंय म्हणूनच ती बालक आहे हे जास्त बजावतो.

औसेकर_पाटील

मग सरकारी सर्वेक्षणात 'विमेन, १५ ते ४९' असं का लिहितात? आमच्या आशाताईकडं तोच कागद असतो.

स्टाफनर्स_लातूर

पाटील, ते बाळंतपणाच्या वयाचं माप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ च्या सगळ्यांना 'विमेन' धरतात, कारण तिथं विचारायचं असतं बाळंतपण, रक्त, गोळ्या यांबद्दल. बालविवाह मोजताना तेच सर्वेक्षण २० ते २४ च्या बायांना विचारतं, तुझं लग्न १८ च्या आधी झालं होतं का? म्हणजे आज सोळाची असलेली पोरगी त्या आकड्यात येते ती चार वर्षांनी, मोठी झाल्यावर. तोवर ती कागदावर फक्त 'विमेन' असते.

आणि आमच्याकडं बाळंतपणाला आली की घरचे वय एकोणीस सांगतात. आधारकार्ड मागितलं की घरी राहिलं म्हणतात. पोरगी खाली बघून बसलेली असते. मनगट बघितलं तरी कळतं हो, बांगड्या कोपरापर्यंत चढतात.

कोयत्यावालं_पोरगं

पाटील काका, तुम्ही म्हणता लग्न झालं की ती बाई. आमच्याकडं ती बाई कामून होते ते सांगतो. ऊसतोडीला एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात. पोराचं लग्न झालं की कोयता पुरा. दुसरीकडं, दसरा-दिवाळीला आईबाप कारखान्याला निघाले की वयात आलेल्या पोरीला सहा महिने गावात कोणाकडं ठेवायचं, हा घोर. मग दोन्हीकडच्यांचं जमतंय. माझ्यासोबत आठवीला असलेल्या दोघी अशाच गेल्या. फडात तिच्या डोक्यावर मोळी आली म्हणून ती 'वुमन' होत नाही. मोळी वाहणारं लेकरू होतंय.

औसेकर_पाटील

हे तुझं पटतंय. लिहायला शब्द द्या मग, नुसतं भांडून काय उपयोग?

निवृत्त_मास्तर

'लेकरू' वरून आठवलं. 'गर्ल' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ कोणतंही लेकरू असाच होता, पोरगं असो की पोरगी. नंतर तो मुलीपुरता उरला. त्यामुळं 'गर्ल'मध्ये बालपण मुरलेलंच आहे. म्हणूनच ३५ वर्षांच्या कारकून बाईला 'गर्ल' म्हणू नये, आणि सोळाच्या पोरीला तेच म्हणावं. सरकारी योजनांमध्ये 'गर्ल चाइल्ड' लिहितात, ११ ऑक्टोबरच्या आंतरराष्ट्रीय दिवसाच्या नावातही ते आहे. नाव म्हणून असू द्या. एरवी वाक्यात नुसतं 'गर्ल' पुरतं.

आता शब्द. 'चाइल्ड ब्राइड' मला आवडत नाही. ब्राइड म्हणजे नवरी, ती बोहल्यावरच्या दिवसापुरती. हळद उतरून वर्ष झालं तरी तिला नवरी का म्हणायचं? 'यंग वुमन' तर नकोच, अठरा-वीसच्या पुढचीला ते शोभतं. 'अ मॅरिड गर्ल ऑफ सिक्स्टीन' हे स्वच्छ आहे. वय तिथंच लिहा, म्हणजे शाळकरी पोरगी वाटेल ही पाटलांची शंकाही मिटते.

क्रियापदाकडंही बघा. 'शी गॉट मॅरिड अॅट फिफ्टीन' लिहिलं तर तिनं लग्न केलं असं होतं. तिनं केलं नाही, तिचं लावून दिलं. मराठीत हा फरक आपल्या तोंडात असतोच. इंग्रजीत तो 'शी वॉज मॅरिड ऑफ'मध्ये येतो. ताई, तुमच्या मसुद्यात काय आहे?

सेलूची_ज्वारी

'गॉट मॅरिड' आहे. साहेबांचं.

निवृत्त_मास्तर

ते आधी बदला. नामापेक्षा तिथं जास्त लपतंय.

मांजराकाठ

आणि बाकीच्या अहवालात 'विमेन' असेल आणि ही एकटी 'गर्ल', तर शीर्षकात काय लिहायचं?

स्टाफनर्स_लातूर

'विमेन अँड गर्ल्स'. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत सगळीकडं हीच जोडी असते. पंधरा ते एकोणपन्नासच्या तक्त्यावर पण हेच घाला.

सेलूची_ज्वारी

सगळ्यांचे आभार. आज साहेबांसमोर बसून बदललं. 'लेडीज' गेलं, पण निमंत्रणपत्रिकेवर 'लेडीज अँड जेंटलमेन' राहू दिलं, तिथं कोणाचं भांडण नाही. शिलाईच्या वर्गाला 'विमेन'. तक्ता फोडून दोन ओळी केल्या: 'विमेन, १८ आणि पुढे' आणि 'गर्ल्स, १८ च्या आत'. फोडल्यावर दिसलं की दुसऱ्या ओळीतल्या काहीजणी 'मॅरिड'च्या रकान्यात पण आहेत. आधी सगळ्या एकत्र होत्या, त्यामुळं कोणाच्या नजरेला आलं नव्हतं.

साहेब म्हणतात, ती ओळ तळटीपेत टाकू, पैसे देणारे प्रश्न विचारतील.

पेशकार

तळटीपेत टाकलीत तरी विचारतील, आणि मग लपवली का म्हणून वेगळं विचारतील. तक्त्यात राहू द्या. शेजारी लिहा की संस्था त्या पोरींसाठी काय करते: बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याला म्हणजे ग्रामसेवकाला कळवलं का, १०९८ वर फोन केला का, शाळेत परत नाव घातलं का. केलं नसेल तर अहवाल जायच्या आधी करा.

कोयत्यावालं_पोरगं

ताई, त्या सोळावालीला विचारलं का, तिच्याबद्दल छापायचं का म्हणून?

सेलूची_ज्वारी

विचारलं. नाव आणि गाव नको म्हणाली. शिवणाचं लिहा म्हणाली, ब्लाउजची बाही तिला आता जमते. परिच्छेदात नाव-गाव काढलंय, बाही ठेवलीय.

तिरकस

मास्तर, शेवटचा प्रश्न. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शिक्क्यावर 'हेडमिस्ट्रेस' लिहितात. नवा शिक्का करायला टाकलाय. काय लिहू?

निवृत्त_मास्तर

'हेड टीचर' किंवा 'प्रिन्सिपल', पण आधी त्यांना विचारा. शिक्का त्यांचा आहे.